ड्राइव्ह काढून टाकण्याआधी, ताई, एक प्रत बाहेर काढा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: घरी जुना डेस्कटॉप, विंडोज १०, नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून. गूगल ड्राइव्ह, म्हणजे फाइलींची प्रत नेटवरून गूगलकडे ठेवणारं सॉफ्टवेअर, त्याच्या फोल्डरमध्ये बचत गटाचा एक्सेलमधला हिशोब, सातबारा आणि आठ-अच्या प्रती, पीक नुकसानीचे फोटो. आठ दिवसांपासून घड्याळाशेजारचं चिन्ह नुसतं फिरतंय आणि मोबाइलवर मात्र गेल्या महिन्याचाच हिशोब दिसतोय. दीर म्हणतात, ड्राइव्ह काढून टाक आणि पुन्हा टाक, होऊन जाईल. तुम्ही विचारता, टाकू का?

आज नका टाकू. चार-सहा दिवसांनी कदाचित ती वेळ येईलही, पण आज नाही. का, ते नीट सांगतो, कारण हे 'का' कळलं तर पुढच्या वेळी कुणाला विचारायची गरज पडणार नाही.

तुम्ही सिंकबद्दल, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या फाइली गूगलकडे चढण्याबद्दल, विचारलंत. मला मात्र आधी दुसरंच विचारायचं आहे: महिनाभरात तुम्ही भरलेल्या हिशोबाची ताजी प्रत या घडीला किती ठिकाणी आहे? मोबाइलवर जुना हिशोब दिसतो याचा अर्थ गूगलकडेही बहुधा जुनाच पोहोचलेला आहे. म्हणजे ताजी प्रत एकाच जागी आहे, तुमच्या घरच्या त्या डब्ब्यात. आणि दीर जे करायला सांगतात ते नेमकं त्याच जागी हात घालायला सांगतात.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, पंधरा-सोळा वर्षं झाली. काही वर्षांपूर्वी दूध संकलन करणारे एक काका सीपीयू घेऊन आले. 'भाऊ, हे फिरूनच राहिलं, काही चढून नाही राहिलं.' मी तेच केलं जे तुमचे दीर सांगतात. क्लाउडचं सॉफ्टवेअर काढलं, उरलेला कचरा साफ केला, पुन्हा टाकलं, लॉगिन केलं. दहा मिनिटांत हिरवी खूण आली. काका खुशीत गेले. संध्याकाळी फोन आला, 'भाऊ, पावणेदोन महिन्यांचं दूध गेलं.' जे चढलं नव्हतं ते फक्त त्या कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या साठ्यात होतं, आणि तो साठा मीच कचरा समजून पुसला होता. पुढे चार संध्याकाळी त्यांच्याकडे बसून शेतकऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरून सगळं परत भरलं. चूक माझी होती. तेव्हापासून दुकानात सिंकची कुठलीही तक्रार आली की पहिला पेन ड्राइव्ह लागतो, बाकी सगळं नंतर.

असं का होतं ते सांगतो. गूगल ड्राइव्ह कॉम्प्युटरवर दोन तऱ्हांनी चालतं. एका तऱ्हेत, मिररमध्ये, तुमच्या फाइली खरोखर तुमच्या हार्ड डिस्कवर एका फोल्डरमध्ये असतात आणि त्यांची नक्कल गूगलकडे जाते. दुसऱ्या तऱ्हेत, स्ट्रीममध्ये, 'धिस पीसी'त एक वेगळा ड्राइव्ह दिसतो, बहुधा 'जी' अक्षराचा. तिथल्या फाइली दिसतात, पण बऱ्याचशा गूगलकडेच असतात, उघडल्या की खाली येतात. नवीन भरलेलं आधी 'सी' ड्राइव्हमधल्या एका लपलेल्या साठ्यात जातं आणि नेट मिळेल तसं वर चढतं. हा साठा म्हणजे बाजार समितीच्या आवारात उतरवलेला, पण अजून काट्यावर न चढलेला माल. पावती फाटलेली नाही, तोवर तो कुठेच जमा नाही. तुमच्याकडे कोणती तऱ्हा आहे ते पाहायचं असेल तर ड्राइव्हच्या चिन्हावर क्लिक करा, वरच्या दातेरी चाकावर जा, 'प्रेफरन्सेस' उघडा. तिथे 'स्ट्रीम फाइल्स' की 'मिरर फाइल्स' यावर खूण दिसेल. फक्त बघा, बदलू नका.

ही भीती एकट्या माझ्या अनुभवातली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये डेस्कटॉपवरच्या गूगल ड्राइव्हच्या ८४ क्रमांकाच्या आवृत्तीत काही लोकांच्या न चढलेल्या फाइली दिसेनाशा झाल्या. तेव्हा खुद्द गूगलने लोकांना सांगितलं होतं की 'डिस्कनेक्ट अकाउंट' दाबू नका आणि 'अ‍ॅप डेटा'मधलं ड्राइव्हचं फोल्डर पुसू किंवा हलवू नका. पुढे दुरुस्ती आली, हरवलेलं परत आणायची सोयही दिली. पण तो सल्ला आजही तितकाच खरा आहे: जोवर काही चढायचं बाकी आहे, तोवर खातं तोडू नका.

म्हणून आज एवढंच करा. एक पेन ड्राइव्ह घ्या. ड्राइव्हचं फोल्डर उघडून फाइली 'डेट मॉडिफाइड'प्रमाणे लावा, म्हणजे शेवटी बदललेल्या वर येतील. गेल्या दोन महिन्यांत बदललेल्या सगळ्या पेन ड्राइव्हवर 'कॉपी' करा. 'कट' नको. अख्खं फोल्डर कॉपी करायला जाऊ नका, कारण स्ट्रीम असेल तर गूगलकडे असलेल्या जुन्या फाइलीही खाली उतरायला लागतील आणि दिवसाचा डेटा तिथेच संपेल. कॉपी झाली की पेन ड्राइव्हवरची हिशोबाची फाइल उघडून शेवटची नोंद दिसते का ते डोळ्यांनी पाहा. न उघडलेल्या प्रतीला मी प्रत म्हणत नाही. आणि गटाची बैठक जवळ आली असेल तर तीच फाइल नावात आजची तारीख टाकून स्वतःला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे सिंक होवो न होवो, बैठक अडणार नाही.

आता दुसरी गोष्ट, जी खेड्यापाड्यात मला कॉम्प्युटरपेक्षा जास्त सतावते: खातं कुणाचं आहे? अनेकांचा जीमेल सेतू केंद्रात नाहीतर मोबाइलच्या दुकानात काढलेला असतो. पासवर्ड कुणाला आठवत नाही, रिकव्हरीचा, म्हणजे पासवर्ड विसरल्यास खातं परत मिळवायचा, नंबर दुकानदाराचा, नाहीतर बंद पडलेल्या सिमचा. कॉम्प्युटर चालू आहे कारण चार वर्षांपूर्वी कुणीतरी एकदा लॉगिन केलं होतं. ड्राइव्ह काढून पुन्हा टाकलं की ते पहिल्यांदा पासवर्ड मागणार, आणि तिथे सगळं बंद. म्हणून पासवर्ड आणि नंबर आधी तपासा. पासवर्ड आठवत नसेल तर कुठूनही साइन आऊट करू नका. जिथे खातं उघडं आहे त्याच ठिकाणी बसून गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर तुमचा चालू नंबर घालता येतो का ते पाहा आणि मगच पासवर्ड बदलायचं बघा. गटातल्या बायांच्या आधारच्या, पासबुकच्या प्रती त्याच खात्यात असतील, तर पासवर्ड तुमच्या आणि घरातल्या एका माणसाच्या वहीत राहू द्या. दुरुस्तीवाल्यालाही तो सांगू नका, समोर बसून स्वतः टाका. मी ग्राहकांकडून तसंच करून घेतो.

आणि याच ओघात मोबाइल तपासा. ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये वर उजवीकडे गोलात अक्षर किंवा फोटो असतो, त्यावर बोट ठेवलं की ईमेल दिसतो. तो आणि कॉम्प्युटरवरचा ईमेल अक्षर न् अक्षर एकच आहे का? माझ्याकडे येणाऱ्या 'मोबाइलवर दिसत नाही' अशा तक्रारींत बऱ्याच वेळा कॉम्प्युटर बाईच्या खात्यावर असतो, मोबाइल नवऱ्याच्या. दोन्ही आपापल्या जागी बरोबर चाललेले असतात. तुमच्याकडे जुना हिशोब तरी दिसतोय, म्हणून खातं एकच असावं असं वाटतं. पण मागे कुणी ती फाइल नुसती शेअर केलेली किंवा पाठवलेली असेल तर तसंही दिसू शकतं. एका मिनिटाचं काम आहे, बघून घ्या.

इतकं झालं की खऱ्या तपासाला लागू. मी नेहमी एका बारक्या फाइलने सुरुवात करतो. नोटपॅड उघडा, 'चाचणी' लिहा आणि फाइल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये सेव्ह करा. मग कॉम्प्युटरच्याच ब्राउझरमध्ये गूगल ड्राइव्हची वेबसाइट उघडून पंधरा मिनिटांनी बघा. वेबसाइटवर जे दिसतं तेच गूगलकडे खरोखर पोहोचलेलं. मोबाइल अ‍ॅपवर भरवसा ठेवू नका, ते कधीकधी आधी उतरवलेलंच दाखवतं. चाचणीची फाइल पोहोचली तर रस्ता मोकळा आहे, अडचण काही ठरावीक फाइलींची आहे. पोहोचली नाही तर दोन शक्यता: पुढे मोठी रांग आहे, किंवा सगळा रस्ताच बंद आहे.

तुमच्या प्रश्नात शेवटी एक वाक्य सहज येऊन गेलं: 'नणंदेच्या लग्नाचे अकराशे फोटोपण मागच्या रविवारी त्यात टाकले.' ताई, माझा पहिला संशय तिथेच आहे. शंभर टक्के सांगता येणार नाही, पण तारखा जुळतात. हिशोब करून बघू. आजच्या मोबाइलचा एक फोटो चार-पाच एमबीचा धरला तर अकराशे फोटो साधारण पाच जीबी होतात. अपलोडचा वेग १ एमबीपीएस मिळाला, आणि गावात टॉवर लांब असेल तर अपलोडला तेवढाच मिळतो, तर पाच जीबीला अकरा तास लागतात, तेही एक मिनिट खंड न पडता. लक्षात घ्या, कंपनी जो वेग सांगते तो उतरवण्याचा असतो, चढवण्याचा त्याहून बराच कमी असतो.

आता रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनवर या. सगळा डेटा फक्त फोटोंना दिला तरी पाच जीबीला चार दिवस. आणि दीड जीबी संपल्यावर नेट बंद होत नाही, वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने पाच जीबी चढायला सात दिवसांहून जास्त लागतात, रात्रंदिवस. म्हणून चिन्ह फिरत राहतं. ते बिघडलेलं नाही, ते प्रामाणिकपणे काम करतंय, आणि त्याच रांगेत तुमची दोनशे केबीची हिशोबाची फाइल अडकलेली असू शकते.

यात आपल्या भागाची एक अडचण मिसळते, जी शहरातल्या माणसाला सांगून कळत नाही. हॉटस्पॉट ज्या फोनचा, तो फोन सकाळी मालकासोबत वावरात जातो. दिवसा घरी लाइन असते, कॉम्प्युटर चालू राहू शकतो, पण नेट वावरात. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हा लाइन जाते, नाहीतर पंप सुरू झाले की व्होल्टेज इतकं पडतं की कॉम्प्युटर बंदच ठेवावा लागतो. डीपी जळाली तर आठ दिवस विचारूच नका. एका घरी मी तीन दिवस वहीत वेळ लिहायला लावली: लाइन आणि नेट दोन्ही एकत्र किती वेळ असतात? उत्तर आलं, दिवसाला सरासरी दोन तासांच्या आत. त्या घरचं सॉफ्टवेअर अगदी ठणठणीत होतं. तुम्हीही तीन दिवस एवढं लिहून बघा. मला जे इथे बसून कळणार नाही ते त्या वहीत सापडेल.

या दोन तासांचाही पुरा उपयोग व्हावा म्हणून दोन सेटिंग तपासा. कॉम्प्युटर काही मिनिटांनी झोपतो का ते 'पॉवर अँड स्लीप'मध्ये पाहा. स्क्रीन बंद झाली तर चालते, कॉम्प्युटर झोपला की सिंक थांबतं. आणि मोबाइलमध्ये हॉटस्पॉट आपोआप बंद व्हायची सेटिंग असते, ती त्या वेळेपुरती काढा.

फोटोंचं काय करायचं? ते ड्राइव्हच्या बाहेर, 'डी' ड्राइव्हवर एका साध्या फोल्डरमध्ये कॉपी करा. चार-पाच फोटो मधूनमधून उघडून बघा. संख्या जुळवा, इकडे अकराशे तर तिकडेही अकराशे. मगच ड्राइव्हमधून काढा. यातले काही चढलेले असतील तर ते गूगलच्या 'ट्रॅश'मध्ये ३० दिवस राहतील, घाबरू नका. रांग हलकी झाली की हिशोबाची फाइल बहुधा त्याच रात्री चढेल. फोटो पाठवायचेच असतील तर पेन ड्राइव्ह घेऊन यवतमाळ-नागपूरकडे ज्या नातेवाइकाकडे फायबरचं नेट आहे तिथून ब्राउझरमधून चढवा. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ब्राउझरची इन्कॉग्निटो, म्हणजे लॉगिन लक्षात न ठेवणारी, खिडकी उघडून लॉगिन करायचं आणि काम झालं की खिडकी बंद करायची. काही ग्रामपंचायतींत भारतनेट या सरकारी योजनेची फायबर आली आहे, ती चालू असेल तर तिथेही विचारून बघा.

रांग काढूनही काही हललं नाही तर आधी घड्याळ बघा. हसण्यासारखं वाटेल, पण जुन्या डेस्कटॉपवर हे कारण मला वरचेवर सापडतं. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. लाइन गेल्यावरही कॉम्प्युटरला तारीख लक्षात राहते ती त्याच्यामुळे. चार-सहा वर्षांनी तो संपतो, आणि ज्या गावात दिवसाला तीन वेळा लाइन जाते तिथे त्याच्यावर जास्त भार येतो. सेल संपला की प्रत्येक वेळी लाइन आल्यावर तारीख मागच्या कुठल्यातरी सालावर जाते. आता गूगलच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होताना सर्व्हर एक प्रमाणपत्र दाखवतो, ज्यावर 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल' असं असतं. तुमचा कॉम्प्युटर स्वतःला २०१५ सालात समजत असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नाही. तो जोडणी नाकारतो, आणि तुम्हाला दिसतं ते फक्त फिरणारं चिन्ह किंवा 'कनेक्ट होत नाही'. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन तारीख नीट करा, मग 'सिंक नाऊ' दाबा, टाइम झोन कोलकाता म्हणजे साडेपाच तास पुढे आहे ना तेवढं बघा. दुसऱ्या दिवशी तारीख पुन्हा मागे गेली तर सेल बदला. पन्नास रुपयांच्या आतबाहेरचं काम आहे, त्यासाठी कुणी नवीन मदरबोर्ड घ्यायला सांगितला तर घेऊ नका.

यानंतर जागा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, पण ते फक्त ड्राइव्हसाठी नाहीत. जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटो, तिघांचं मिळून १५. पूर्वी कमी दर्जात ठेवलेले फोटो यात मोजत नसत, १ जून २०२१ पासून तेही मोजतात. आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही आधी मोजला जात नव्हता, तोही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जातो. हे फार लोकांना माहीत नाही. खेड्यातल्या फोनमध्ये सकाळचे शुभेच्छांचे व्हिडिओ, कीर्तनाचे, लग्नाचे व्हिडिओ, सगळं त्या बॅकअपमध्ये जातं. जागा भरली की ड्राइव्हवर नवीन काही चढत नाही, आणि जीमेलमध्ये नवीन मेल येणंही थांबतं. गूगल वनच्या पानावर कोणी किती खाल्लं ते पट्टीवर दिसतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट बॅकअपमध्ये 'व्हिडिओ घ्या' ही खूण काढली तरी पुष्कळ जागा सुटते. ड्राइव्हमधून काही पुसलं तर 'ट्रॅश'ही रिकामा करावा लागतो, तोवर ती जागा मोजलीच जाते. पण ट्रॅश रिकामा करायचं काम पेन ड्राइव्हवरची प्रत तपासल्यानंतरच.

कॉम्प्युटरच्या 'सी' ड्राइव्हमध्येही जागा हवी. तिथे लाल पट्टी दिसत असेल तर दहा-पंधरा जीबी मोकळी करा, कारण चढण्याआधीचा साठा तिथेच असतो. मात्र त्यासाठी 'क्लीनर' नावाचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. दूधवाल्या काकांची गोष्ट आठवा.

चाचणीची फाइल पोहोचली, हिशोबही पोहोचला, पण दहा-बारा फाइलीच अडून बसल्या, असं झालं तर नावं बघा. विंडोजमध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, उभी रेघ चालत नाहीत. मोबाइलवरून '१२/०५' अशी तारीख घातलेली फाइल ड्राइव्हमध्ये तयार होऊ शकते, कॉम्प्युटरला मात्र ते नाव जसंच्या तसं घेता येत नाही. तारखेत तिरक्या रेघेऐवजी आडवी रेघ वापरा.

आणि मराठीत नावं ठेवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा उमगली. विंडोजची जुनी मर्यादा अशी की फोल्डरांच्या सगळ्या साखळीसकट पत्ता २६० अक्षरांत बसला पाहिजे. आपण 'प्रस्ताव' लिहितो तेव्हा आपल्याला तीन अक्षरं दिसतात. कॉम्प्युटर मात्र हलन्त, काना, जोडाक्षराचे भाग वेगवेगळे मोजतो, त्याच्या हिशोबी ती आठ होतात. 'महिला बचत गट कर्ज प्रस्ताव', त्याच्या आत 'सन २०२४-२५ मंजूर प्रस्ताव', त्याच्या आत सदस्याचं पूर्ण नाव, असं करत गेलं की मर्यादा आपल्याला वाटते त्याच्या कितीतरी आधी येते. मराठी नावं जरूर ठेवा, मीही ठेवतो, फक्त आखूड ठेवा आणि फोल्डरात फोल्डर तीनच्या पुढे नको.

राहिलेल्या गोष्टी पटकन सांगतो. एक्सेल उघडं असताना ते फाइल धरून ठेवतं, म्हणून भरून झालं की बंद करा. लाइन गेल्यामुळे एक्सेल अचानक बंद झालं असेल तर डॉलरचं चिन्ह असलेली एक लपलेली बारकी फाइल मागे राहते, ती हिशोबाची नव्हे, तिच्यात काही शोधू नका. त्याच कॉम्प्युटरवर वनड्राइव्हही चालू असेल आणि दोघंही 'डॉक्युमेंट्स' फोल्डर सांभाळत असतील तर एकालाच ठेवा. वनड्राइव्ह मोफत ५ जीबीच देतं आणि मीटर्ड, म्हणजे डेटा मोजून वापरायच्या, नेटवर स्वतःहून थांबतं, त्यामुळे त्याचा इशारा दिसला की लोक गूगलला दोष देतात. घड्याळाजवळच्या चिन्हाचं नाव 'बॅकअप अँड सिंक' असं येत असेल, तर ते जुनं सॉफ्टवेअर १ ऑक्टोबर २०२१ लाच बंद झालं, त्याच्याकडून काही होणार नाही. आणि कॉम्प्युटर 'शट डाउन' करून चालू करण्याऐवजी 'रीस्टार्ट' करा. विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन पूर्ण बंद नसतं, अर्धवट झोप असते, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आज ड्राइव्ह त्यावर चालतंय, पण नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विचार घरात असेल तर हे धरून ठरवा.

म्हणजे आज रात्रीचा क्रम एवढाच: पेन ड्राइव्हवर प्रत, ती उघडून पाहणं, खातं आणि पासवर्ड, घड्याळाची तारीख, मग फोटो बाहेर काढणं आणि रीस्टार्ट. बाकीचं उद्या.

काढून पुन्हा टाकणं कधी? चिन्हावर क्लिक केल्यावर 'सिंक अ‍ॅक्टिव्हिटी'त काही बाकी दिसत नाही, वेबसाइटवर ताजा हिशोब दिसतो, पासवर्ड हातात आहे, आणि तरीही नवीन फाइल चढत नाही, अशा वेळी. तेव्हा मीही तेच करतो आणि बऱ्याचदा गुण येतो. तुमच्या दिरांचा उपाय चुकीचा नाही, त्याची वेळ अजून आलेली नाही.

पुढच्यासाठी दोनच गोष्टी. ती हिशोबाची फाइल एकाच ठिकाणी भरा, कॉम्प्युटरवर. मोबाइलवर फक्त बघा. दोन्हीकडे भरलं आणि नेट दोन दिवसांनी आलं तर कुठली खरी हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही, मग त्याच नावाच्या दोन फाइली होतात आणि कर्जाचा हप्ता एकीत असतो, व्याज दुसरीत. दुसरं, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लाइन गेल्याने फाइल खराब झाली तर ती खराब फाइलही इमानेइतबारे वर चढते, पुसली तर पुसणंही चढतं. असं झालंच तर ड्राइव्हच्या वेबसाइटवर त्या फाइलवर उजवं क्लिक करून 'मॅनेज व्हर्जन्स' उघडा. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्या तिथे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत राहतात. बैठकीच्या दिवशी रजिस्टरवर सह्या झाल्या की त्याच वेळी फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची आणि तो पेन ड्राइव्ह अध्यक्षांच्या घरी ठेवायचा, तुमच्या नाही. एकाच घरात लाइनचा झटका बसला तरी गटाचा हिशोब दुसऱ्या घरी शाबूत राहतो.

उद्या मला एवढं कळवा: चाचणीची फाइल वेबसाइटवर पोहोचली का, 'सिंक अ‍ॅक्टिव्हिटी'त किती फाइली बाकी दिसतात, आणि लाइन जाऊन आल्यावर तारीख बरोबर राहते का. तेवढ्यावरून पुढचं सांगता येईल. दिरांना म्हणावं, पुन्हा टाकायचंच ठरलं तर तेही करू, फक्त पेन ड्राइव्हवरचा हिशोब दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिल्यानंतर.